सोयऱ्याच्या कारनं ठोकलं, आता केस करायची का?

वाचकांचे प्रश्न : कोर्टकचेरी

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं अपघाताची आहेत. उसाचा सीझन आणि लग्नसराई एकत्र आली की आपल्याकडे हे दरवर्षीचंच. सगळ्यांना उत्तर देणं जागेत बसत नाही, म्हणून चार निवडलीत, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण तो प्रश्न एका घरचा नाही.

प्रश्न : नमस्कार सर. १७ ऑक्टोबरला दिवाळीच्या बाजाराला आमचे हे मोटारसायकलवर औशाहून लातूरला निघाले होते, मागून कारनं उडवलं. माणसं जमल्यावर कळलं की कार माझ्या नणंदेच्या दिराची, त्यांचा पोरगा चालवत होता. यांच्या उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड टाकलाय. हे मोंढ्यात हमाल आहेत, वय ३८. सोयऱ्यांनी दवाखान्यात असतानाच फोनपेवर ४० हजार पाठवले आणि म्हणले पोलिसात जाऊ नका, आपण घरचेच. आम्ही पण गेलो नाही. आता खर्च दोन लाखाच्या वर गेलाय, चार महिने झाले घरी बसून आहेत, पोतं उचलायचं तर सोडाच, जिना चढताना पाय आखडायलाय. परवा ते ५०० चा बाँड घेऊन आले, अजून ५० हजार देतो पण 'आता काही तक्रार नाही' म्हणून सही करा म्हणायलेत. सासूबाई म्हणतात घ्या आणि मिटवा, नाहीतर लेकीला तिकडं नांदू देणार नाहीत. दीर म्हणतात अपघाताच्या केसला मुदतच नसते, पाय बरा झाल्यावर बघू. पोराकडं लायसन होतं का नव्हतं तेही कोणी सांगंना. काय करावं?
— एक भगिनी, ता. औसा

उत्तर : ताई, त्या बाँडवर सही करू नका. आणि दिरांचं 'मुदत नसते' हे तर मुळीच ऐकू नका, तुमच्या हातात आता जेमतेम दीड महिना उरलाय.

दीर काही खोटं बोलत नाहीत, त्यांची माहिती जुनी आहे एवढंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सुरुवातीला सहा महिन्यांची अट होतीच, १९९४ ला ती काढून टाकली, त्यानंतर सत्तावीस वर्षं खरंच मुदत नव्हती, लोक चार-पाच वर्षांनी दावे टाकायचे आणि ते चालायचे, म्हणून पारावर अजून तेच सांगितलं जातं. पण २०१९ च्या दुरुस्तीत अट परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. आता अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दावा टाकायचा, म्हणजे तुमच्यासाठी १७ एप्रिल. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की नुसतं उशीर झाला या कारणावर दावे फेटाळू नका. पण अंतरिम म्हणजे अंतरिमच, त्याच्या भरवशावर तुम्ही १७ एप्रिल ओलांडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुम्ही म्हणाल की पाय बरा व्हायचाय, रॉड काढायचाय, किती पैसे मागायचे तेच माहीत नाही, मग दावा टाकायचा कसा? इथंच सगळ्यांचा घोळ होतो. दावा टाकणं वेगळं आणि दावा मिटवणं वेगळं. टाकायची घाई करा, मिटवायची करू नका. टाकताना अपंगत्वाचा दाखला लागत नाही, जी कागदं आहेत ती लावून अंदाजे रक्कम टाकता येते, नंतर दुरुस्त करता येते, दाखला साक्षीपुराव्याच्या वेळी येतो आणि तोपर्यंत हाड नीट जुळलंय की नाही हे डॉक्टरांनाही कळलेलं असतं. शिवाय व्याजाची गोष्ट आहे. भरपाईवर कोर्ट जे व्याज देतं ते दावा दाखल झाल्याच्या तारखेच्या मागचं मिळत नाही, म्हणजे तुम्ही जितके महिने वाट बघाल तितक्या महिन्यांचं व्याज फुकट गेलं.

रकमेचा अंदाज मी थोडा मांडून दाखवतो, कारण ५० हजार जास्त का कमी हे आकडा समोर असल्याशिवाय कळत नाही. समजा यांची कमाई महिना १५ हजार. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम नाही, तर भविष्यातली वाढ म्हणून ४० टक्के धरतात (हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलंय), म्हणजे २१ हजार. वर्षाचे झाले २ लाख ५२ हजार. वय ३६ ते ४० मधल्या माणसाला १५ चा गुणक लागतो, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता, कोणत्याही वकिलाच्या टेबलाच्या काचेखाली असतो. गुणाकार केला तर ३७ लाख ८० हजार. कमाईची ताकद जेवढे टक्के गेली तेवढे टक्के यातले मिळतात. १० टक्के धरली तरी ३ लाख ७८ हजार. ३० टक्के धरली तर ११ लाख ३४ हजार. यात दवाखान्याचा खर्च, यातना, घरी बसलेल्या महिन्यांची मजुरी हे वेगळं. तुमची रक्कम हीच होईल असं मी म्हणत नाही, कमाई सिद्ध करता आली नाही तर कोर्ट आपल्या अंदाजाने कमी धरतं. पण बाँडवाल्या ५० हजाराशी ताडून बघा.

आणि टक्के कसे धरतात हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या केसचा जीव त्यात आहे. सिव्हिल हॉस्पिटलचं बोर्ड समजा लिहून देईल की पायाला १५ टक्के अपंगत्व. विमा कंपनीचा वकील म्हणणार, बघा, १५ च टक्के. पण २०११ च्या राजकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शरीराचे टक्के एक आणि कमाईचे टक्के दुसरे. उदाहरणही कोर्टानेच दिलंय, डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडते, सरकारी क्लार्कची तशी बुडत नाही. हमालाचंही तेच. सोयाबीनचा कट्टा पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं म्हणजे सगळा भार एका पायावर येतो, तो पाय वाकत नसेल तर आडत्या त्याला कामावर घेईल का? म्हणून साक्षीला डॉक्टर तर हवाच, पण मोंढ्यातला मुकादम किंवा आडत्या पण हवा, जो सांगेल की हा माणूस आधी दिवसाला किती पोती उचलायचा आणि आता काय. बाजार समितीचं हमालीचं लायसन असेल तर ते आजच शोधून ठेवा.

आता सोयरे. मला वाटतं हा तुमचा खरा प्रश्न आहे. नणंदेच्या घरी एवढंच कळवा, जमलं तर सासूबाईंच्याच तोंडून, की पैसे आम्ही विमा कंपनीकडून मागतोय, तुमच्या खिशातून नाही, पण गाडीमालक आणि चालक यांचं नाव टाकल्याशिवाय दावा बसत नाही म्हणून तुम्हाला नोटीस येईल, घाबरू नका. थर्ड पार्टी विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे तो ह्याच्यासाठीच. त्यांचा नो क्लेम बोनसही (क्लेम न घेतल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) जात नाही, तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीवर असतो. बहुतेक वेळा एवढं कळलं की निम्मा ताण उतरतो.

पण ते इतकं करून पण बाँड-बाँड करायलेत, त्याचं कारण मला तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीत दिसतंय. पोराकडं लायसन नसणार. अशा वेळी कंपनीला कोर्ट बऱ्याचदा सांगतं की आधी जखमीला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा, वकील मंडळी याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात, २००४ च्या स्वर्ण सिंह निकालापासून हे चालत आलंय. म्हणजे तुमचे पैसे सहसा बुडत नाहीत, पण सोयऱ्यांच्या मागं कंपनी लागू शकते. पोरगा अठराच्या आत असेल तर आणखी अवघड, त्यात बापाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंडाची तरतूद आहे. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो, भीती घालायला नाही. यातून वाट काढायची म्हणून कोणी सुचवेल की पोराऐवजी काकाला चालक दाखवा, काकाकडं लायसन आहे. असलं काही करू नका. उलटतपासणीत अशी गोष्ट टिकत नाही आणि मग खरा अपघातही खोटा ठरतो. मी एक केस अशी मरताना बघितलीय, पाय खरा मोडलेला, गाडी खरी, चालक तेवढा खोटा.

पोलिसांचं बघू. पोलिस केस आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली सरकार विरुद्ध चालक, ती मॅजिस्ट्रेटपुढं, दुसरी तुमची, ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात म्हणजे जिल्हा कोर्टातच. पण एफआयआर नसेल तर कंपनी पहिल्या दिवशी म्हणते की माणूस घरी जिन्यावरून पडला आणि गाडी नंतर घुसवली. एफआयआरला उशीर झाला म्हणून दावा मरत नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सांगितलंय, फक्त उशीर का झाला ते पटायला पाहिजे. तुमचं कारण खरं आहे, नातं. तेच लिहा, काही रंगवू नका. ज्या दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तिथली एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे अपघाताच्या जखमेची दवाखान्यातली नोंद) नक्कल काढा, त्यात 'कारने धडक दिली' असं लिहिलेलं असेल तर अर्धं काम झालं. ठाण्यात घेतलं नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने एसपींना पाठवा, पोचपावती जपा. आणि त्या पोराला लगेच उचलून नेतील असं नाही, हयगयीने गाडी चालवून गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं २८१ आणि १२५, जामीनपात्र आहे.

४० हजार घेतले म्हणून हक्क गेला असं समजू नका. उलट ते फोनपेचं पान तुमचा पुरावा आहे, अपघातच झाला नव्हता तर दवाखान्यात असतानाच पैसे कशाला पाठवले? तो मोबाईल बदलू नका, विकू नका. सही केलेल्या बाँडनेही दावा आपोआप मरत नाही, पण साक्षीच्या पिंजऱ्यात तोच कागद तोंडापुढं धरतात, 'ही सही तुमचीच ना?' म्हणून.

कागदाबद्दल एक. मागं माझ्याकडं एक काका बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत सगळी बिलं घेऊन आले, पावणेदोन लाखाची बिलं म्हणाले, मी पिशवी ओतली तर मेडिकलच्या चिठ्ठ्यांवर काहीच नाही, पांढऱ्या पट्ट्या. मेडिकलवाले जे गुळगुळीत कागदावर छापून देतात ना ते उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात उडून जातं. तुम्ही आजच सगळ्याची झेरॉक्स काढा. ऑटोचं भाडं, फिजिओथेरपी, यांच्याजवळ रात्री थांबलेल्या माणसाचा बुडालेला रोज, हे सगळं एका शाळेच्या वहीत तारखेनुसार लिहून ठेवा.

अजून एक सापळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कोणाची ते सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा, म्हणजे आपण वर बोललो तो, संपतो. ज्याची चूक सिद्ध होणं अवघड आहे त्याला १६४ बरं. तुमच्यात मागून ठोकलेलं आहे, चूक उघड आहे, तर कोणी 'पटकन अडीच लाख' म्हणलं की आधी वरचा गुणाकार आठवा. लोकअदालतीत मिटवायला माझी ना नाही, तिथं पैसे लवकर मिळतात, पण दाखला हातात आल्यावर, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

फीचं तुम्ही विचारलं नाही पण सांगतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या गेटवर 'इतके टक्के द्या, बाकी आम्ही बघतो' म्हणणारे एजंट असतात त्यांच्यापासून लांब राहा, वकिलाने निकालातल्या टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलचे नियमच मनाई करतात. फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, कमी उत्पन्नवाल्याला वकील मोफत मिळतो, बायकांना तर उत्पन्न न बघता मिळतो.

प्रश्न : माझे वडील चुलतभावाच्या कारमध्ये मागच्या सीटवर होते. माजलगावकडून रात्री येताना रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर कार आदळली, दोन ट्रॉल्या होत्या, मागच्या ट्रॉलीला लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. वडील जागेवर गेले. पोलिसांनी गुन्हा चुलतभावावरच दाखल केला, कारण त्याची गाडी मागून आदळली. विमा कंपनीकडून काही मिळवायचं तर चुलतभावावर दावा टाकावा लागेल असं एकानं सांगितलं. आई म्हणते घरातला माणूस गेला आता घरातल्याच पोराला कोर्टात ओढायचं का?
— बीड जिल्ह्यातून

उत्तर : तुमच्या आईंना जे वाटतं ते समजू शकतो. पण इथं चुलतभावाचं नाव दाव्यात येणं म्हणजे त्याला दोषी म्हणणं नाही. दोन गाड्यांच्या चुकीने तिसरा माणूस गेला असेल तर त्याच्या घरच्यांना दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये खेनेई निकालात स्पष्ट केलंय. वडील गाडी चालवत नव्हते, त्यांची चूक शून्य. चूक ६० टक्के ट्रॉलीची आणि ४० टक्के कारची का उलट, हे भांडण दोन कंपन्यांनी आपसात करावं, तुम्ही त्यात पडू नका. म्हणून माझा सल्ला, दोन्ही गाड्यांचे मालक, चालक आणि दोन्ही कंपन्या, सगळ्यांना एकाच दाव्यात पार्टी करा. एकाला सोडलं आणि नेमकं त्याच्याकडूनच मिळणार होतं असं नको व्हायला.

आता कारची पॉलिसी उघडून बघा, चुलतभावाकडून फोटो मागवा, व्हॉट्सॲपवर येईल. तिच्यावर 'पॅकेज' किंवा 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' लिहिलंय का नुसतं 'थर्ड पार्टी' किंवा 'लायबिलिटी ओन्ली'? खाजगी कारमध्ये बसलेल्या माणसाला पॅकेज पॉलिसीत संरक्षण असतं, स्वस्तातल्या नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत कंपनी हात वर करते, कारण कारच्या आतला प्रवासी तिच्या दृष्टीने 'थर्ड पार्टी' नाही. दोन-चार हजार वाचवायला घेतलेली पॉलिसी कुठं नडते ते इथं कळतं. तसं निघालं तर तुमची सगळी मदार ट्रॅक्टरवर.

आणि ट्रॅक्टरची कागदं म्हणजे डोकेदुखी. ट्रॅक्टर शेतीसाठी म्हणून नोंदवलेला आणि कारखान्याचा ऊस वाहतोय, ट्रॉलीचा वेगळा नंबर आणि वेगळा विमा असायला पाहिजे तो कित्येकदा नसतोच. कंपनी हेच मुद्दे काढणार, तयारीत राहा. स्पॉट पंचनाम्याची नक्कल लगेच काढा आणि त्यात एकच गोष्ट शोधा, मागच्या ट्रॉलीच्या लाईटबद्दल, रिफ्लेक्टरबद्दल काय लिहिलंय. काहीच लिहिलं नसेल तर त्या रात्री मदतीला धावलेल्या माणसांनी मोबाईलवर काढलेले फोटो-व्हिडिओ गोळा करा, आपल्याकडे अपघात झाला की आधी शूटिंग होतं, ती वाईट खोड इथं तरी कामाला येऊ द्या. रस्ता सरळ होता का वळण, ट्रॉली डांबरावर होती का साइडपट्टीवर, मागं दगड किंवा झाडाची फांदी ठेवली होती का, हे सगळं फोटोत दिसतं.

एफआयआर चुलतभावावर आहे म्हणून खचू नका. मागून आदळला तो आरोपी हा ठाण्यातला सोपा हिशेब आहे. दावा न्यायाधिकरणात गुन्हा संशयापलीकडं सिद्ध करावा लागत नाही, कोणती गोष्ट जास्त संभवते एवढं बघतात, आणि अंधारात रस्त्यावर बिनलाईटची ट्रॉली उभी करणं हीच मुळात हयगय आहे. मात्र चार्जशीट जाण्याआधी चुलतभावाने आणि तुम्ही ट्रॉलीबद्दलचं लेखी म्हणणं तपास अधिकाऱ्याकडं देऊन पोच घ्या, नंतर सुचून उपयोग नसतो.

दावा आईंच्या नावाने आणि तुम्हा भावंडांच्या नावाने टाकायचा, लग्न झालेल्या बहिणीचं नावही सोडू नका. राहत्या ठिकाणच्या कोर्टात टाकता येतो, अपघात कुठल्याही जिल्ह्यात झाला असला तरी. सहा महिन्यांची मुदत तुम्हालाही तीच. दिवसकार्य, मग वर्षश्राद्ध झाल्यावर बघू असं म्हणता म्हणता ती निघून जाते.

प्रश्न : जालना रोडवर माझ्या भावाला पहाटे अज्ञात वाहनाने उडवलं, तो वारला. सीसीटीव्हीत गाडीचा नंबर दिसत नाही. पोलिस म्हणायलेत तपास चालू आहे. दावा कोणावर टाकू?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वाईट झालं. गाडीच माहीत नाही तर दावा कोणावर टाकणार, पण म्हणून हात हलवत बसायचं नाही. कलम १६१ खाली हिट अँड रनची योजना आहे, मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, १ एप्रिल २०२२ पासून हे आकडे आहेत, आधी मृत्यूला २५ हजारच होते. अर्ज कोर्टात नाही, तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे द्यायचा, मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते आणि पैसे खात्यात येतात. एफआयआर, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, वारसाची ओळख आणि बँक पासबुक लागतं. तहसीलमध्ये टेबलावरच्या माणसाला ही योजना माहीत नसण्याची बरीच शक्यता आहे, तेव्हा 'कलम १६१, हिट अँड रन नुकसानभरपाई योजना २०२२' एवढं चिठ्ठीवर लिहून न्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका.

पुढं गाडी सापडली तर मालक-चालक-कंपनीवर नेहमीचा दावा टाकता येतो, तेव्हा हे २ लाख त्यातून वळते होतात. त्यामुळे १६१ चे पैसे घेतले म्हणून मोठा दावा बुडाला असं होत नाही, १६४ सारखं हे नाही. पोलिसांच्या मागं मात्र लागून राहा, ढाब्यावरचे, पेट्रोल पंपावरचे आणि टोल नाक्यावरचे कॅमेरे थोड्या दिवसांत पुसले जातात, ते फुटेज जपून ठेवायला सांगणारा लेखी अर्ज आजच्या आज ठाण्यात द्या आणि एक प्रत पंपाच्या मॅनेजरलाही द्या.

प्रश्न : नांदेडात सिग्नलला उभा असताना मागून एका कारनं माझ्या गाडीला ठोकलं. बंपर आणि डिकी गेली, २८ हजार खर्च आला. कोणाला लागलं नाही. समोरचा माणूस आता फोन उचलंना. मला त्याला कोर्टात खेचायचंच आहे, पैशासाठी नाही, त्याची मग्रुरी उतरवायला.
— नांदेड

उत्तर : भाऊ, मग्रुरीचं कलम कायद्यात नाही. २८ हजारासाठी दावा न्यायाधिकरणात जाता येतं, समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यात मालमत्तेचं नुकसान येतं, पण तारखांना येणं-जाणं, रजा, सर्व्हेअर, वकील हे जोडून बघा. तुमची पॉलिसी पॅकेज असेल तर स्वतःच्या कंपनीकडून क्लेम घ्या आणि मोकळे व्हा. त्याने नो क्लेम बोनस जातो, तो पाच वर्षांत २० वरून ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो, पण फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर, सगळ्या प्रीमियमवर नाही. तुमचा बोनस ५० टक्क्यांवर असेल आणि गाडी नवी महागडी असेल तर पुढच्या वर्षी जास्त भरावं लागणारे पैसे आणि हे २८ हजार कागदावर शेजारी शेजारी मांडा. बोनस २० वर असेल तर विचार करायचं कारणच नाही, क्लेम घ्या.

मान दुखणं, पाठ धरणं असं काही अपघातानंतर दोन-तीन दिवसांनी सुरू झालं असेल आणि तुम्ही ते पत्रात लिहिलं नसेल, तर मात्र डॉक्टरला दाखवून नोंद करून घ्या आणि मला परत लिहा, मग उत्तर वेगळं असेल.